दार कोण झाडतं?

कोकंद शहरातल्या वाऱ्याला कुणाची भीडमुर्वत नाही. मार्चमधल्या एका रविवारी त्यानं भंगारबाजारात ओयदिनच्या डोक्यावरचा रुमाल उचलला आणि चार दुकानं ओलांडून नेमका स्क्रू निवडत बसलेल्या बोतिर मिस्त्रीच्या तोंडावर नेऊन चिकटवला. असे प्रसंग ज्यांच्या वाट्याला येतात ते लोक त्या वेळी काहीतरी छानसं बोलतात, असं ऐकिवात आहे. बोतिरच्या तोंडात दोन स्क्रू होते, त्यामुळे तो काही बोलला नाही. पुढचे अडीच महिनेही तो तसलं काही बोलला नाही. आणि तेव्हा तोंडात स्क्रू नव्हते.

बोतिर या नावाचा अर्थ शूर. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलेलं नाव होतं.

"माझा रुमाल," धापा टाकत आलेली मुलगी म्हणाली.

बोतिरनं तो झटकून घडी घालून दिला. घडीवर ग्रीसचा एक अंगठा उमटला. तो बघून त्याचे कान लाल झाले. तिनं मात्र अंगठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातली पिशवी उघडून तिनं त्याच्यापुढे एक काळपट लोखंडी वस्तू ठेवली.

"बाजारात अकरा जणांना विचारलं. सात जणांनी विकत मागितली, चौघांनी माझं लग्न झालंय का ते विचारलं. हे आहे काय, ते कुणीच सांगेना."

बोतिरनं स्क्रू तोंडातून काढले, वस्तू उचलली, हुंगली.

"पेट्रोलचा पंप. व्होल्गा, एकवीस नंबरची. बॉनेट नीट लागत नाही. आत कोंबडी बसते."

"कोंबडी? हे वासावरून कळलं?"

"नाही. पीस अडकलंय."

ती हसली. डोळे आधी हसायचे आणि ओठ मागाहून, चहा ओतल्यावर वाफ यावी तसे. बोतिरच्या हातातून पंप खाली पडला.

"तुम्हीच काढलात?" त्यानं खाली वाकूनच विचारलं, वर बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"पाना घेऊन. भौतिकशास्त्र शिकवते मी शाळेत."

"तरीच. आटे गेलेत."

"म्हणजे?"

"पाना उलटा फिरवलात, मुअल्लिमा."

मुअल्लिमेला विद्यार्थ्यांखेरीज कुणी तोंडावर चूक दाखवायची ही पहिलीच वेळ असावी. पंप उचलून त्याच्याच मांडीवर ठेवत ती म्हणाली, "मग या आमच्याकडे आणि सुलटा फिरवा."

*

व्होल्गा ओयदिनच्या आजोबांची. कापूस चांगला पिकवल्याबद्दल त्यांना बक्षीस मिळालेली, फिक्या निळ्या रंगाची, बॉनेटवर उडी मारणारं हरीण. आजोबा गेले तेव्हापासून एकोणीस वर्षं ती दारातून आत शिरल्याशिरल्या, द्राक्षांच्या मांडवाखाली, गल्लीकडे तोंड करून उभी होती. हरणाचं एक शिंग गेलं होतं. डिकीत कांदे असायचे, मागच्या सीटवर जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या. पुढच्या सीटवर खरोखरच कोंबडी बसायची, तीही ड्रायव्हरच्या बाजूला.

ओयदिनचे वडील ती लहान असतानाच गेले. घर चालायचं ते तिच्या ओयीच्या, म्हणजे आईच्या, सलोमत-ओपांच्या हुकमावर. गाडीबाबत त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलगी सव्वीस वर्षांची झाली. आज ना उद्या अंगणात लग्नाच्या कढया चढतील. कढया ठेवायच्या तिथं गाडी उभी आहे.

"तुती संपेपर्यंत मुदत," त्यांनी बोतिरला पहिल्याच दिवशी बजावलं. "तोवर आपल्या पायांनी बाहेर गेली तर हिची. नाहीतर भंगारवाला ओढून नेईल. चहा घेणार?"

बोतिरला आठ वाजता गॅरेजवर पोचायचं असे, म्हणून तो यायचा पहाटे साडेपाचला. आला की आधी पाणी शिंपडायचा आणि झाडू घ्यायचा. त्याचे गुरू, दिवंगत सोबिर उस्ता, सांगायचे की ज्याला जमीन दिसत नाही त्याला पडलेला स्क्रू दिसत नाही. आणि ते सांगताना पाना फेकून मारायचे. त्यामुळे शिकवण चांगली मुरली होती. गाडीचं नाक दारात, म्हणजे सुटे भाग पसरायचे ते दाराबाहेर गल्लीतच. तेव्हा बोतिर अंगण झाडायचा, दाराचा उंबरा झाडायचा, आणि गल्लीतली दोन्ही बाजूंची दहा-दहा पावलंही झाडायचा. कोकंदात वारा रात्रभर जे आणून टाकतो ते झाडायचं म्हणजे समुद्र उपसायचा. बोतिर उपसायचा. एकदा तर सलोमत-ओपांनी त्याच्यासाठी कोरा झाडू आणून ठेवला, वर मुरंब्याची वाटी. बोतिरला भरून आलं. किती मायाळू बाई, असं त्याला वाटलं.

मुअल्लिमा सातपर्यंत झोपायची. उठली की एका हातात चहाची वाटी आणि दुसऱ्या हातात वेणीचं टोक घेऊन मांडवाखाली यायची. रविवारी मात्र पूर्ण दिवस तिचा.

चारही प्लग काढून त्यानं आत तेल सोडलं आणि सांगितलं, "आता आठ दिवस काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"पिस्टन गंजून धरलेत. जोर केला तर तुटतील. तेल आपलं आपण झिरपतं. वाट बघायची."

"तुम्हाला वाट बघायला आवडतं वाटतं, बोतिर-अका."

"जमतं," बोतिर म्हणाला.

नवव्या दिवशी हँडल अंगठाभर फिरलं. ती अंगणात अशी नाचली की कोंबडी गाडीतून उतरली ती पुन्हा चढली नाही. मग टाकी उतरवली. आतलं एकोणीस वर्षांचं पेट्रोल काकवीसारखं घट्ट झालं होतं. रबरी नळ्या हात लावताच बिस्किटासारख्या मोडल्या. ब्रेक जाम होते. एप्रिलमध्ये नवी बॅटरी आली, आणि एका रविवारी त्यानं तिला प्लग धरायला दिला.

"पत्र्याला टेकवून धरा. बोटं रबरावरच. मी हँडल मारतो."

"वीज कशी जाते ते मला शिकवू नका."

"शिकवत नाही. भीती वाटते."

"कुणाला? मला?"

"…मला," तो म्हणाला आणि हँडल मारलं. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी टच्‌कन उडाली. मांडवाच्या कोवळ्या पानांमधून ऊन तिच्या कपाळावर हलत होतं. ती ठिणगीकडे बघून हसली, आणि बोतिरच्या हातातलं हँडल त्याच्याच पायावर पडलं. तीन दिवस तो लंगडत होता. विचारलं की सांगायचा, "गाडी जड आहे."

मेच्या मध्यावर सगळं झालं. उद्या सकाळी चालू करायची, असं ठरवून तो गेला. उद्या सकाळी डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं तर आतला रोटर नव्हता. रोटर म्हणजे बोटभर लांबीचा तपकिरी तुकडा. ठिणगी कोणत्या प्लगला जायची ते तो फिरून ठरवतो. तो नसला की गाडी म्हणजे हरीण बसवलेलं कपाट.

"रोटर बघितलात कुठे?" त्यानं विचारलं.

"कोंबडीनं नेला असेल," वेणी घालता घालता ओयदिन म्हणाली.

टोपणाला दोन घट्ट चिमटे असतात. कोंबडीनं ते उघडून परत लावले होते. बोतिरनं यावर बराच विचार केला. संध्याकाळी त्यानं बाजारातून दुसरा रोटर घेतला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन कार्बोरेटर खोलून धुतला. तिसऱ्या दिवशी पुन्हा धुतला. गाडी चालू झाली की या दारी यायचं कारण संपणार होतं, आणि दुसरं कारण तोंडातून निघत नव्हतं. आठवड्याभरात कार्बोरेटर असा लखलखीत झाला की पाहुण्यांना त्यातून चहा द्यावा. रोटर मिळाला का, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

*

आता गंमत अशी की कोकंदात मुलगी बघायची तर आधी तिचं दार बघतात, आणि तेही पहाटे. उजाडायच्या आत ज्या मुलीच्या घरासमोरची गल्ली झाडून शिंपडून होते, ती मुलगी संसाराची. हा नियम लग्न जुळवणाऱ्या बायकांचा, म्हणजे सोव्चींचा, आणि तो वयात आलेल्या प्रत्येक मुलीला पाढ्यांसारखा पाठ असतो. ओयदिनलाही होता. पण पाढे आले म्हणून कुणी साडेपाचला उठत नाही.

त्यात तिच्या दारात तुतीचं झाड. मेमध्ये कोकंदातल्या तुत्या पिकून पडतात, पायाखाली चिरडतात, त्यावर माश्या, त्यावर धूळ. चांगल्या चांगल्या घरांची दारं महिनाभर तोंड लपवतात. आणि या एकाच दारासमोर आरशासारखी जमीन! बातमी चार महल्ले ओलांडून मस्तुरा खालाच्या कानी गेली.

मस्तुरा खाला म्हणजे कोकंदातली सगळ्यात नावाजलेली सोव्ची. तोंडात वरचे सहा दात सोन्याचे. आणि ते बसवणाऱ्या दातांच्या डॉक्टरसाठीच ती सध्या मुलगी शोधत होती. रविवारी दहा वाजता ती दोन बायकांना घेऊन आली तेव्हा बोतिर गाडीखाली उताणा पडून ब्रेकची नळी आवळत होता. त्याला दिसले ते फक्त बुटांचे तीन जोड. बाहेर यावं तर तोंडाला तेल. आत राहावं तर चोरून ऐकल्यासारखं. बोतिर आत राहिला.

"बाई गं, काय ते दार!" सगळ्यात रुंद बूट म्हणाले. "महिनाभर बघतेय मी. तुतीच्या दिवसांत एक डाग नाही! कोण झाडतं हो?"

बोतिरनं श्वास रोखला. सलोमत-ओपांच्या चपला जागच्या जागी थोड्या चाळवल्या.

"मी माझ्या तोंडानं काय सांगू," सलोमत-ओपा म्हणाल्या. आणि मग पाव तास त्यांनी तोंडानंच सांगितलं. पहाटे साडेपाचच्या ठोक्याला उठणं. थंडी असो वारा असो, खाडा नाही. हात सोन्याचे. स्वभाव असा गरीब की कधी उलट शब्द नाही. "ज्या घरात जाईल त्या घराचं नशीब, मी तर म्हणते."

गाडीखाली बोतिरच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं त्याच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात लाल मखमली सपाता आल्या. चहाच्या वाट्यांचा किणकिणाट झाला. "हीच का ती?" रुंद बूट म्हणाले. "हो… हीच," चपला म्हणाल्या. लाल सपाता दोन पावलं मागे सरकल्या, गाडीला टेकल्या, आणि त्यातली एक हळूच आत आली. तिनं बोतिरच्या नडगीवर टक्‌टक् केलं, दार वाजवावं तसं.

आत माणूस होता. त्यानं नळीचा नट आणखी एक आटा आवळला.

*

मंगळवारी मस्तुरा खाला दुसऱ्यांदा येऊन गेली. बुधवारी पहाटे बोतिर आला तर मुअल्लिमा दारातल्या ओट्यावर बसलेली. साडेपाचला. केस विस्कटलेले, खांद्यावर शाल, डोळ्यांत झोप आणि राग निम्मेनिम्मे.

"झाडा," ती म्हणाली. "मला बघायचंय माझं लग्न कसं ठरतं ते."

बोतिरनं झाडू उचलला आणि परत ठेवला.

"मला माहीत नव्हतं. ओपांनी झाडू आणून दिला तेव्हा मला वाटलं…"

"ओयीनं झाडूच काय, तुम्हाला नोकरीचं पत्र दिलं असतं. उद्या नऊ वाजता डॉक्टरच्या घरच्या बायका येणार. मस्तुरा खाला नान आणणार. नान मोडली की शब्द दिला गेला."

"डॉक्टर… कसा आहे?"

"चांगला आहे. फोटोत दात सगळे आहेत."

वाऱ्यानं दोन पिकल्या तुत्या त्यांच्यामध्ये आणून टाकल्या. बोतिरनं सवयीनं त्या उचलून बाजूला टाकल्या.

"तुम्ही नाही म्हणू शकता," बोतिर म्हणाला.

"मला तोंड आहे, बोतिर-अका. पंधरा वर्षांच्या चाळीस पोरांना गप्प बसवते मी. नाही म्हणेन. पण ओयी विचारेल, का? हुंड्यापांड्याचं काही नाही, मुलगा वाईट नाही, मग का? मी काय सांगू? कारण द्या मला एखादं."

बोतिरनं तोंड उघडलं. कारण जिभेवर होतं. चांगलं मोठं होतं, म्हणूनच बहुधा अडकलं.

"गिअरबॉक्सचं तेल… अजून बदलायचंय," तो म्हणाला.

 ओयदिननं शालीच्या टोकाची गाठ सोडली आणि बोटभर लांबीचा तपकिरी तुकडा मडगार्डवर ठेवला.

"हा घ्या. कोंबडीनं परत केला. बसवा आणि सुटा."

ती आत गेली. दार आपटलं नाही; आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. बोतिरनं रोटर उचलून खिशात टाकला. तिथं तो दुसऱ्या रोटरवर टक्‌कन आपटला. एका गाडीला एकच रोटर लागतो. त्याच्याकडे आता दोन होते, आणि बोलायला एक शब्द नव्हता.

त्या दिवशी त्यानं गॅरेजमध्ये एका गाडीत तेलाच्या जागी पाणी ओतलं आणि मग दिवसभर ते उपसत बसला. उपसता उपसता त्याला सुचलं. बोलता येत नाही ते येत नाही. पण हातानं करता येण्यासारखं काहीतरी असेलच की.

*

गुरुवारी पहाटे बोतिर आला तो पाठीवर एक पोतं घेऊन. आत बाजारातला निवडक माल: सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, कलिंगडाच्या साली, कांद्याचा पाला, आणि चार गल्ल्यांतून गोळा केलेल्या चिरडलेल्या तुत्या. ज्या माणसाला जमिनीवर पडलेली काडी बघवत नव्हती, त्यानं डोळे मिटले आणि पोतं सलोमत-ओपांच्या दारात ओतलं.

डोळे उघडले तर जमीन स्वच्छ. कोकंदच्या वाऱ्यानं टरफलं उचलून शेजारच्या दारात नेली होती. बोतिर धावला, ओंजळी भरभरून परत आणल्या. वारा परत घेऊन गेला. शेवटी एक पाय पाल्यावर, एक पाय टरफलांवर, आणि दोन्ही हातांनी साली दाबून तो दारासमोर ओणवा उभा राहिला. नऊ वाजेपर्यंत असं राहायला लागलं तरी त्याची तयारी होती.

"काय चाललंय, बेटा?"

समोर रुंद बूट होते. नान मोडायच्या दिवशी दार शेवटचं एकदा पहाटे बघायचं, ही मस्तुरा खालाची रीत. तंदुरातून आत्ताच निघालेल्या दोन नान फडक्यात गुंडाळून तिनं छातीशी धरल्या होत्या. वास गल्लीभर दरवळत होता.

"कचरा टाकतोय, खाला," बोतिर म्हणाला. खोटं त्याला वेळेवर सुचत नसे.

"या दारात? का रे?"

"तुम्ही परत जावं म्हणून."

मस्तुरा खालानं तीस वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं. ती ओट्यावर टेकली. "सविस्तर सांग. पाय उचललास तरी चालेल."

पाय उचलला आणि त्याबरोबर जणू बूच निघालं. "हे दार मी झाडतो, खाला. रोज. स्क्रू सापडावेत म्हणून. मुअल्लिमेला झाडता येत नाही. ती सातपर्यंत झोपते. उठल्यावर अर्धा तास कुणाला ओळखत नाही. दूध तापत ठेवून पुस्तक वाचते. पाना उलटा फिरवते आणि वर वाद घालते…"

"अरे देवा. मग हिला येतं काय?"

"हँडल मारता येतं. वीज कशी जाते ते कळतं. एकोणीस वर्षं बंद पडलेल्या गाडीजवळ बसून ती तिच्याशी बोलते, मी ऐकलंय. आणि हसली की… हसली की माझ्या हातात काही राहत नाही, खाला. पंप पडला. हँडल पायावर पडलं. गाडी केव्हाच चालू झाली असती. रोटर नऊ दिवस माझ्या खिशात आहे. बसवला की मला घरी जावं लागेल, म्हणून नाही बसवला. डॉक्टर चांगलाच असेल. पण तिला दुसऱ्या कुणाला देऊ नका. एवढंच. कचरा मी भरून नेतो."

दाराच्या पलीकडे काहीतरी खळ्‌कन फुटलं. मग दार उघडलं. ओयदिन सलग दुसऱ्या दिवशी पहाटे जागी होती, हा त्या घरात विक्रम असावा. पायाशी मुरंब्याची बरणी फुटलेली.

"नऊ दिवस?" ती म्हणाली. "खिशात होता? आणि मी मूर्खासारखी माझा शालीत बांधून झोपत होते!"

"तुम्ही का नेलात?"

"तुम्ही का नाही बसवलात?"

"मी आधी विचारलं, मुअल्लिमा."

"आणि हे सगळं माझ्यासमोर बोलायला काय झालं होतं? खालांशी लग्न करायचंय?"

"तुम्ही समोर असलात की…" बोतिरनं रिकामे हात पुढे करून दाखवले. साली केव्हाच खाली पडल्या होत्या.

डोळे आधी हसले. मग ओठ.

मस्तुरा खालानं एकाकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "म्हणजे दोनदा नटूनथटून मी या मिस्त्रीला मागणी घालायला आले होते." ती उठली, रुमाल सारखा केला, नान छातीशी घट्ट धरल्या. "तुझी आई कुठे असते रे?"

"रिश्तानला. मडकी रंगवते."

"तिला म्हणावं उद्या ये. आज तिच्या वतीनं मी आहे. मस्तुरा सोव्ची नान परत घेऊन गेली असं कोकंदात अजून झालेलं नाही." आणि ती उंबरा ओलांडून आत शिरली.

सलोमत-ओपा पाहुण्यांसाठी सामसे तळत होत्या. सोव्ची एकटी, आणि मागे पोतं घेतलेला मिस्त्री, हे बघून त्यांच्या हातातला झारा थांबला.

"ओपा," मस्तुरा खाला गादीवर बसत म्हणाली, "रविवारी तुम्ही काय सांगितलंत? हे दार झाडणारे हात सोन्याचे आहेत. बरोबर?"

"हो… म्हणजे…"

"स्वभाव गरीब. उलट शब्द नाही. ज्या घरात जाईल त्या घराचं नशीब. तुमचेच शब्द ना?"

"माझेच," सलोमत-ओपा बारीक आवाजात म्हणाल्या.

"तर त्या हातांसाठी मी तुमची मुलगी मागायला आलेय. हे बघा हात. जरा घाण आहेत आज."

कढईतला सामसा करपायला लागला. सलोमत-ओपांनी बोतिरकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलीची नजर खाली, पण हनुवटी वर होती. ही तऱ्हा त्यांना तिच्या लहानपणापासून माहीत होती.

"पण तो डॉक्टर… आणि हा तर मिस्त्री!"

"डॉक्टर काय वेगळं करतो? तोही पान्यानं काढतो आणि नवा बसवतो. काम झाल्यावर तो जमीन झाडत नाही एवढंच."

"त्यांना काय सांगाल तुम्ही?"

"सांगेन, मुलगी सातपर्यंत झोपते. चौकशीत निघालं."

सलोमत-ओपांची चारही बाजूंनी कोंडी झाली होती, आणि कोंडी करणारे शब्द त्यांचे स्वतःचे होते. नाही म्हणावं तर चार महल्ल्यांना कळणार की दार कुणी झाडलं आणि श्रेय कुणी घेतलं. त्यांनी करपलेला सामसा बाजूला काढला, हात पुसले, मुलीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुला काही बोलायचंय?"

"तो घाबरट आहे, ओयी," ओयदिन म्हणाली. "पण मला घाबरतो असं नाही. माझ्यासाठी घाबरतो."

 सलोमत-ओपांनी फडक्यातली गरम नान उचलली, तिचा एक कोपरा मस्तुरा खालाच्या हातात दिला, आणि दोघींनी मिळून ती मोडली. वाफ निघाली. खालानं दोन ओळींची दुआ म्हटली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

"आता ते धूड आधी माझ्या अंगणातून बाहेर काढा," सलोमत-ओपा डोळे पुसत म्हणाल्या. "कढया ठेवायच्यात."

बोतिरनं रोटर बसवला. कोणता बसवला ते त्यालाही सांगता आलं नसतं. ओयदिन ड्रायव्हरच्या सीटवर, कोंबडीच्या जागी बसली. पहिल्या हँडलला गाडी खोकली. दुसऱ्याला शिंकली. तिसऱ्याला एकोणीस वर्षांचा निळा धूर मांडवात सोडून ती धडधडायला लागली, आणि द्राक्षाची पानं न् पानं थरथरली. कांदे डिकीत गडगडले. हरीण हललं. ओयदिननं गिअर टाकला. व्होल्गा हळूच उंबऱ्यावरून उतरली, टरफलं चिरडत गल्लीत आली आणि थांबली. ब्रेक लागत होते.

बोतिर मागे वळला. गाडी हलल्यावर मांडवाखाली एक लांबट काळा चौकोन उघडा पडला होता: तेलाचे थर, कोंबडीची पिसं, एकोणीस उन्हाळ्यांची कुजलेली पानं, दोन नट, एक चमचा. त्याचा हात आपोआप भिंतीशी टेकवलेल्या झाडूकडे गेला.

"बोतिर-अका," गाडीतून आवाज आला. तिनं वाकून पलीकडचं दार उघडून धरलं होतं. "राहू द्या ते. बसा."

बोतिर त्या घाणीकडे क्षणभर बघत राहिला. मग तो तिच्याशेजारी जाऊन बसला.